१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येची भिंत (प्रकल्प नोंदी)

२४ नोव्हेंबर

पहिल्या मजल्यावरच्या पॅसेजची भिंत मिळाली. मुख्याध्यापिका बाईंची अट एकच: खिळा ठोकायचा नाही, रंग नुकताच लागलाय. १७ जानेवारीला सगळं तयार हवं. त्या दिवशी गणितज्ञ द. रा. कापरेकरांची जयंती. १९०५ साली डहाणूत जन्मलेला आणि देवळालीच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेला माणूस. परळमधल्या मराठी शाळेच्या गणित मंडळाने त्यांच्यासाठी काही करायचं नाही, तर मग कोणी करायचं?

एरवी आमची भिंत म्हणजे रामानुजन यांचा फोटो, १७२९, पायचे दशांश आणि कोपऱ्यात एखादी मोबियसची पट्टी. या वेळी एकच संख्या घ्यायची आणि लग्नाला स्थळ पाहताना करतात तशी तिची खडान्‌खडा चौकशी करायची. पोरांनी अर्थातच ६१७४, म्हणजे कापरेकरांचा प्रसिद्ध स्थिरांक, सुचवली. नको म्हटलं. ती सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून फिरून गुळगुळीत झालीय, शिवाय चारच अंकी. भिंत लांब आहे.

ठरली ती ही: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एक शेजारी शेजारी लिहायचे, १११११११११, आणि त्याचा वर्ग करायचा. सतरा अंक. सतरा तारखेला सतरा अंक हा निव्वळ योगायोग, पण पोरांना आवडला.

चौकशीचा नियम आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे भांडणं होतील. प्रत्येक गुणाला एक कार्ड. गुण संख्येचा स्वतःचा असेल, म्हणजे ती रोमन आकड्यांत लिहिली काय किंवा तेवढे चिंचोके मांडले काय, तरी टिकत असेल, तर पांढरं कार्ड. आपण दहाच्या पटीत अंक मांडतो म्हणून तो गुण दिसत असेल, तर पिवळं. कार्ड लिहिणाऱ्याने रंगाचं कारण मागच्या बाजूला लिहायचं.

२७ नोव्हेंबर

सतरा अंकांसाठी सतरा मोठी कार्डशीट. ड्रॉइंगच्या बाई म्हणाल्या, नुसते अंक लावले तर खासगी क्लासची जाहिरात वाटेल, खाली काहीतरी हवं. मग प्रत्येक अंकाखाली त्याच्या स्थानाचं जुनं नाव लिहायचं ठरलं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) दिलेली यादी बरोबर परार्धापर्यंत जाते, म्हणजे अठरा स्थानं. आपली संख्या परार्धाच्या एक घर अलीकडे थांबते.

डावीकडून वाचलं तर: मध्य १, अंत्य २, जलधी ३, शंकू ४, महापद्म ५, निखर्व ६, खर्व ७, अब्ज ८, अर्बुद ९. इथून पुन्हा उतार: कोटी ८, प्रयुत ७, लक्ष ६, अयुत ५, सहस्र ४, शतं ३, दहं २, एकं १. सातवीच्या पोरांनी हे एका दमात म्हणायची पैजच लावली. जलधीशी सगळ्यांची जीभ अडखळते.

कार्डशीट आणि दुहेरी चिकटपट्टी अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणली. खिळे नकोत म्हणून दोन खांबांना सुतळी बांधून त्यावर लटकवायचं. शिपाई मामांचं म्हणणं, सुतळी मधे झोळ खाईल. मधला ९ सगळ्यात खाली येईल म्हणे, आणि डोंगराची दरी होईल. नायलॉनची दोरी घेऊ.

१ डिसेंबर

कॉम्प्युटर लॅबमध्ये नववीच्या एका मुलीने स्प्रेडशीटच्या चौकटीत संख्या टाइप केली आणि एंटर मारलं. शेवटचे २१ गेले, तिथे ०० आले. तिने पुन्हा टाइप केली. पुन्हा ००. ‘सर, हे खातंय!’

खातंच. स्प्रेडशीट १५ सार्थ अंकांपलीकडे काही धरून ठेवत नाही. मग ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाकून पाहिलं, तिथे …३२० आलं, फक्त एकाने कमी. हे जास्त मजेशीर निघालं. तिथे संख्या ज्या रूपात साठवली जाते त्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच सगळ्या पूर्ण संख्या अचूक मावतात. त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या. आपली संख्या त्या पट्ट्यात येते आणि विषम आहे, तेव्हा तिला तिथे जागाच नाही. शेजारच्या ३२० वर नेऊन बसवतात. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र जशीच्या तशी राहिली. हिशेब तपासायला यापुढे पायथन, आणि त्याआधी वही.

केवढी आहे हे सांगायला एक कार्ड: इतके सेकंद मागे गेलं तर सुमारे ३९ कोटी वर्षं मागे जाऊ. सह्याद्रीचा काळा पत्थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्याही जवळजवळ सहापट मागे. या कार्डाचा रंग पांढरा की पिवळा यावर वाद झाला. सेकंद ही आपली सोय आहे, असं एकाचं म्हणणं. बिनरंगी ठेवलं, ब्राउन पेपरवर.

३ डिसेंबर

आज फळ्यावर गुणाकार. १११११११११ गुणिले १११११११११, शाळेतल्या साध्या पद्धतीने. नऊ ओळी, प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. उभे रकाने मोजले की उत्तर समोर: उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्या रकान्यात नऊ, आणि मग पुन्हा एकेक कमी. सगळ्यात उंच रकाना नऊचा, त्यामुळे हातचा कुठेच येत नाही. एवढंच आहे गुपित.

लगेच मागच्या बाकावरून: दहा एक घेतले तर? घ्या. मधल्या रकान्यात दहा. शून्य मांडा, हातचा एक. शेजारच्या नवाचा दहा झाला, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा, आणि आठाचा नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू शाबूत, डावीकडचा ८ गायब. म्हणजे या घराण्यातली उलटसुलट सारखी वाचली जाणारी शेवटची संख्या आपलीच. १, १२१, १२३२१, … आणि ही नववी.

८ डिसेंबर

मूळ अवयव. आज खरं काम झालं.

१११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. उरले १२३४५६७९. (आठ नसलेली ही संख्या जुन्या कोड्यांमधून सगळ्यांच्या ओळखीची. १ भागिले ८१ केलं तरी ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… अशी हीच पुन्हा पुन्हा येते.) तिला ३७ ने भाग जातो आणि हातात राहतात ३३३६६७.

३३३६६७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे. तेव्हा ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं, आणि त्या आहेत १०६. वर्गाने सुस्कारा सोडला. इथे शॉर्टकट दाखवला, आणि दहावीच्या मुलांना तो पटला.

३३३६६७ गुणिले २९९७ म्हणजे बरोबर ९९९९९९९९९. आता ३३३६६७ ला भागणारी कोणतीही मूळ संख्या घ्या, ती ९९९९९९९९९ लाही भागणार. म्हणजे १ ला तिने भागलं तर आवर्ती दशांशाचा गट ९ अंकांत बसायला हवा. गटाची लांबी १, ३ किंवा ९, चौथी शक्यता नाही. लांबी १ असेल तर ती संख्या ३ च. लांबी ३ असेल तर ती ९९९ ला भागणारी, म्हणजे ३ किंवा ३७. ३ ने ३३३६६७ ला भाग जात नाही, अंकांची बेरीज २८. ३७ ने १ बाकी उरते. राहिली लांबी ९. आणि फर्माच्या प्रमेयामुळे गटाची लांबी मूळ संख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येला भागतेच. म्हणजे आपल्याला हवी असलेली मूळ संख्या ९ च्या पटीपेक्षा एकाने मोठी, आणि विषम असल्याने १८ च्या पटीपेक्षा एकाने मोठी.

१०६ मधून उरल्या किती? १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. फक्त सोळा.

सोळा जणांना एकेक वाटून दिली. खडूचा आवाज, भागाकार, आणि दर मिनिटाला कोणीतरी ‘नाही जात’ म्हणून ओरडतंय. १६३ वाल्याचं थोडक्यात हुकलं: १६३ गुणिले २०४७ म्हणजे ३३३६६१, बाकी ६. तो फळ्यासमोर कितीतरी वेळ उभा होता, जणू बाकी आपोआप शून्य होईल. शेवटी ५७७: ५७७ गुणिले ५७८ म्हणजे ३३३५०६, बाकी १६१. संपलं. ३३३६६७ मूळ.

तर आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात गुणिले ३७ चा वर्ग गुणिले ३३३६६७ चा वर्ग.

कार्ड पांढरं, वाद नाही. तिथवर पोचलो मात्र पिवळ्या वाटेने. नऊ नवांची संख्या आणि आवर्ती दशांश नसते तर शंभरावर भागाकार करावे लागले असते. हे मला कार्डाच्या मागे लिहून हवं होतं. लिहिलंय.

९ डिसेंबर

कालच्यावरून पटापट. विभाजक: घातांकांत एकेक मिळवून गुणायचं, ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, तशी आहे. संख्या स्वतः सोडून बाकीच्या ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८, संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त. संख्येपेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण नाही, अधिकही नाही. प्रत्येक मूळ अवयव किमान दोनदा येतो, अशा संख्यांचा एक वेगळा गट आहे. तिन्ही पांढरी.

आणखी एक, पिवळं आणि देखणं. १ भागिले ३ चा आवर्ती गट एक अंकी, आणि एक अंकी गट असलेली मूळ संख्या ३ सोडून दुसरी नाही. १ भागिले ३७ म्हणजे ०.०२७०२७…, तीन अंकी गट असलेली मूळ संख्या फक्त ३७. नऊ अंकी गट असलेली फक्त ३३३६६७. अशा एकट्या मूळ संख्यांना सॅम्युएल येट्स यांनी ‘युनिक’ हे नाव दिलं. आपल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव त्यातलेच आहेत.

१२ डिसेंबर

ड्रॉइंगच्या बाई रोज डोंबिवलीहून येतात. मधल्या सुट्टीत त्यांना सांगितलं की या घराण्याचं नाव त्यांच्या स्टेशनवरून पडलंय. आधी विश्वासच बसेना. कापरेकरांनी या संख्यांना डेमलो संख्या म्हटलं. कल्पना सुचली ती जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या, मुंबईपासून ३० मैलांवरच्या डेमलो स्थानकात. तेच आताचं डोंबिवली. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर आणि कापरेकर यांचा डेमलो संख्यांवरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. बाई म्हणाल्या, ‘आम्हाला तिथे उभं राहून चौथी सीट सुचते फक्त.’

डेमलो म्हणजे काय ते मुलांना करून दाखवलं. संख्येचे तीन तुकडे: डोकं, मधला भाग, शेपूट. डोकं आणि शेपूट यांची बेरीज केली की मधलाच अंक ओळीने यायला हवा. १२१: १ + १ = २. १२३२१: १२ + २१ = ३३. १२३४३२१: १२३ + ३२१ = ४४४. आपली: १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. मधे बसलाय ९. हे पाहिल्यावर आठवीतला एक जण ‘आयला’ म्हणाला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

१५ डिसेंबर

पांढऱ्या कार्डांमधलं माझं सगळ्यात लाडकं आज लिहून झालं, म्हणून जरा सविस्तर.

प्रश्न असा: आपली संख्या दोन वर्गांची बेरीज होते का? म्हणजेच, कर्ण १११११११११ असलेला आणि बाकीच्या दोन बाजूही पूर्ण असलेला काटकोन त्रिकोण आहे का? फर्माच्या काळापासून माहीत असलेला नियम मूळ अवयवांकडे बघायला सांगतो. ४ ने भागल्यावर १ उरते त्या मूळ संख्या कामाच्या, ३ उरते त्या निरुपयोगी. ३ निरुपयोगी. ३३३६६७ लाही ४ ने भागल्यावर ३ उरतात, निरुपयोगी. एकटी ३७ कामाची. आणि ३७ चं पायथागोरसचं त्रिकूट आपल्या पाठ्यपुस्तकात शोभेल असं: १२, ३५, ३७. १४४ + १२२५ = १३६९.

आता १११११११११ म्हणजे ३००३००३ गुणिले ३७. तेव्हा त्रिकुटाला ३००३००३ ने गुणायचं:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग.

कामाची मूळ संख्या एकच असल्याने असा त्रिकोणही एकच, दुसरा नाही. त्रिकोणाचं अस्तित्व पांढरं. पण १०५१०५१०५ हे जे डोळ्यांत भरतं ते पिवळं, कारण ३००३००३ ने गुणलं की तीन-तीन अंकांचे गट तसेच उतरतात. एका कार्डाला दोन रंग कसे द्यायचे? बाईंनी पांढऱ्या कार्डाला पिवळी किनार दिली. गणितापेक्षा चित्रकला समजूतदार.

१८ डिसेंबर

रंगांवरून आज खरंच पेटलं. दहावीतल्या एका मुलीचा सवाल: उलटसुलट सारखी असणं हा पिवळा गुण, कारण तो लिहिण्यावर अवलंबून. कबूल. पण बारा अंकांच्या पद्धतीत हीच अक्षरं लिहिली तरी तो कोणाचा तरी वर्ग असणारच ना? रकान्यात नऊच, हातचा नाही.

बरोबर आहे. पाया १० किंवा त्याहून कितीही मोठा घ्या, १२३४५६७८९८७६५४३२१ असं जे लिहाल ते नऊ एकांचा वर्ग असतंच. पटवायला शंभरचा पाया घेतला, कारण तो आपल्याच अंकांत दिसतो: १०१०१०१०१०१०१०१०१ चा वर्ग १०२०३०४०५०६०७०८०९०८०७०६०५०४०३०२०१. संख्या वेगळी, आकार तोच. हा गुण आपल्या संख्येचा एकटीचा नाही आणि दहाचाही नाही. तो आकाराचा. नऊच्या पायात ९ हा अंकच नाही, तेव्हा हा आकार पहिल्यांदा जमतो तो दहाच्या पायात, आणि त्यातली सगळ्यात लहान संख्या म्हणजे आपली.

तिला तिसरा रंग हवा होता. मी आधी ताणून धरलं, तिसरा आला की चौथा येईल म्हणून. मग डेमलोची बेरीजही तिने त्याच न्यायाने तिसऱ्या रंगात ओढली आणि माझा नाइलाज झाला. हिरवं.

इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये ८७१२ आणि ९८०१ यांच्याबद्दल लिहिलं होतं. उलटसुलट सारख्या आणि शेवटी शून्य असलेल्या सोडल्या, तर चार अंकी संख्यांत स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत येणाऱ्या या दोनच: ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. यात गणितज्ञाला भावेल असं फारसं काही नाही, असा त्यांचा सूर. कापरेकरांचं आयुष्य नेमकं याच पिवळ्या कार्डांत गेलं आणि इथे त्यांची किंमत झाली ती गणितातल्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर लिहिल्यानंतर. माझं मत हार्डींच्या बाजूला झुकतं, हे पोरांना सांगितलं नाही. पिवळी कार्डं मात्र पोरं आपणहून लिहितात, पांढऱ्यांसाठी मागे लागावं लागतं.

२२ डिसेंबर

राष्ट्रीय गणित दिन, परिपाठात भाषण, त्यात तास गेला. उरलेल्या वेळात एकच काम: ही त्रिकोणी संख्या, म्हणजे १ + २ + ३ + … अशी बेरीज, आहे का? ३६ वर्गही आहे आणि त्रिकोणीही. असे वर्ग क्वचित येतात, त्यांची वर्गमुळं १, ६, ३५, २०४, ११८९, … अशी, प्रत्येक पुढची म्हणजे आधीच्या संख्येची सहापट वजा त्याआधीची. पुढे जात राहिलो: ४६६१११७९, मग एकदम २७१६६९८६०. १११११११११ मधेच राहिली. त्रिकोणी नाही. पांढरं कार्ड, ‘नाही’ असं लिहिलेलं. नसलेले गुणही लावायचे असं ठरलंय.

५ जानेवारी

नाताळची सुट्टी संपली. दोरी बांधून झाली, झोळ नाही, मामा खूश.

हर्षद: अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला तर हर्षद. हेही कापरेकरांचंच. आपली बेरीज ८१, आणि ३ चा चौथा घात म्हणजे ८१ च. भाग जातो, उत्तर १२३४५६७९ चा वर्ग. इथे हिरवं चालणार नाही: ११ च्या पायात याच आकाराला ३ नेसुद्धा भाग जात नाही. निखळ पिवळं.

‘हॅपी’ संख्या मात्र नाही. अंकांच्या वर्गांची बेरीज ४८९, मग १६१, ३८, ७३, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६, ३७, ५८, आणि पुन्हा तेच चक्र. १ कधीच येत नाही. ३७ इथेही भेटली, पण त्याला अर्थ नाही.

७ जानेवारी

जनक शोधायचा. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या मिळते: ४७ + ११ = ५८, म्हणून ४७ हा ५८ चा जनक. ज्या संख्येला जनकच नाही तिला कापरेकर स्वयंभू म्हणत. देवळाली संख्या हे तिचंच दुसरं नाव. आपली स्वयंभू आहे का?

सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज फार तर १५३. म्हणजे जनक आपल्या संख्येच्या मागे १५३ च्या आत. शेवटचे तीन अंक ३२१, त्यातून १५३ गेले तरी १६८ उरतात. तेव्हा पहिले चौदा अंक हलतच नाहीत. त्यांची बेरीज ७५. शेवटच्या तीन अंकांमुळे ती १०२ पर्यंत जाऊ शकते. आता ९ ची कसोटी: आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, त्यामुळे जनकाच्या अंकांच्या बेरजेलाही जायलाच हवा. ७५ ते १०२ मध्ये असे तीनच: ८१, ९०, ९९.

८१ वजा केले, …२४०. २ + ४ + ० = ६, आणि ७५ + ६ = ८१. जुळलं.
९० वजा केले, …२३१. पुन्हा ६, बेरीज ८१. हवी होती ९०. नाही.
९९ वजा केले, …२२२. पुन्हा ६, पुन्हा ८१. नाही.

जनक आहे आणि एकच: १२३४५६७८९८७६५४२४०. वर्गात जरा हिरमोड, सगळ्यांना स्वयंभू हवी होती.

८ जानेवारी

डिसेंबरात १६३ वर अडलेला मुलगा सकाळी प्रार्थनेआधीच वही घेऊन उभा. त्याने जनकाचा जनक शोधायला घेतला होता. पहिले चौदा अंक तेच, उमेदवार तेच तीन.

२४० वजा ८१ म्हणजे १५९: अंकांची बेरीज १५, एकूण ९०. हवी होती ८१. नाही.
२४० वजा ९० म्हणजे १५०: ६, एकूण ८१. हवी होती ९०. नाही.
२४० वजा ९९ म्हणजे १४१: ६, एकूण ८१. हवी होती ९९. नाही.

म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० स्वयंभू! आपली संख्या स्वतः स्वयंभू नाही, पण तिची वंशावळ एकच पिढी मागे जाते आणि तिथे थेट देवळाली संख्या. पायथनवर तपासलं, बरोबर. मला हे आधी ठाऊक नव्हतं. दिवसभर स्टाफरूममध्ये जो भेटेल त्याला सांगितलं. भूगोलाचे सर सोडून कोणी पुरतं ऐकलं नाही.

कार्ड त्याच मुलाने लिहिलं. पिवळं. डेमलो आणि देवळाली एकाच कार्डावर आल्याने भिंतीवर मधली जागा दिली, ९ च्या बरोबर खाली.

१७ जानेवारी

लागलं सगळं. मुख्याध्यापिका बाईंनी पांढरी कार्डं शांतपणे वाचली, पिवळ्यांपाशी पालकांची गर्दी. एक आजोबा, रेल्वेतून निवृत्त, डेमलोच्या कार्डासमोर थांबून शेजारच्यांना जी.आय.पी.चं मध्य रेल्वेत रूपांतर १९५१ मध्ये कसं झालं ते सांगत होते. पाचवीच्या दोन पोरी जलधीवर अडखळत मोठ्याने वाचत होत्या.

पुढचं काम त्या मुलाने स्वतःच काढलंय: घराण्यातल्या बाकीच्यांचे जनक. १ स्वयंभू. १२१ स्वयंभू, तपासलं. १२३२१ ला जनक आहे, १२३१२, आणि त्यालाही जनक आहे, १२३०३, त्याच्याही मागे १२२८५. १२३४३२१ चा १२३४३०४. पाच एकांपासून आठ एकांपर्यंतच्या चार संख्या चार जणांना वाटून दिल्या आहेत. वह्या सोमवारी तपासायच्या.